गहू मंडळावर शेतकऱ्यांचे मत

धान्य विकणारी संस्था सरकारची असली तर तिच्यावर शेतकऱ्याचा ताबा राहतो का? शेतकरी बंधुभगिनींनो, कॅनडाचा अनुभव आम्हांला अभ्यासण्याजोगा वाटतो. तिथले गहू मंडळ १९३५ साली स्थापन झाले. १९४३ पासून पश्चिम प्रांतांतला निर्यातीचा गहू त्याच्यामार्फतच विकावा लागे. माल घालताना पहिली उचल मिळे. वर्षभराच्या विक्रीची सरासरी काढून, खर्च वजा जाता उरलेले पैसे मागाहून हाती पडत. त्यामुळे सुगीतच विकावे लागणारा गरजू माणूस भावात नागवला जात नसे.

कारभारी मात्र सरकारने नेमलेले. १९९८ च्या कायद्याने १५ पैकी १० संचालक शेतकरी निवडू लागले. अध्यक्षाची नेमणूक सरकारकडेच राहिली, आणि मेख तिथेच होती. (सोसायटीचे पोटनियम वाचताना व्यवस्थापकाला काढू शकतो कोण, ते कलम आपण आधी पाहावे.) २००६ मध्ये सरकारने मंडळाची बाजू घेणाऱ्या अध्यक्षाला काढून टाकले. २०११ मध्ये मंडळाने घेतलेल्या मतदानात गव्हासाठी ६२ टक्क्यांनी एकत्र विक्रीच मागितली. जवासाठी जेमतेम ५१. सक्ती नको म्हणणारेही थोडे नव्हते. पण संसदेने त्याच वर्षी कायदा करून निवडलेले संचालक घरी पाठवले, आणि ऑगस्ट २०१२ पासून सक्तीची एकत्र विक्री संपली. २०१५ मध्ये मंडळाचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा एका बड्या धान्य कंपनीच्या व सौदी अरेबियाच्या भागीदारीकडे गेला.