आजी-आजोबांच्या गोष्टी लिहिणारी मुले
(आयर्लंड देशाची ओळख)



आयर्लंड हे युरोप खंडाच्या पश्चिम टोकाला असलेले एक बेट आहे. त्याच्या पूर्वेला इंग्लंड आणि पश्चिमेला मोठा अटलांटिक महासागर आहे. समुद्रावरून सारखे ढग येतात म्हणून तिथे बाराही महिने पाऊस असतो. कधी भुरभुर, कधी धो धो. त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा रानं हिरवीगार दिसतात. पुष्कळ ठिकाणी शेतांना दगडांचे बांध असतात. नुसते दगडावर दगड रचलेले, मधे चिखल नाही की चुना नाही.

तिथे जळणाला लाकूड कमी. म्हणून लोक दलदलीतली काळी माती विटांसारखी कापत. ती माती म्हणजे हजारो वर्षांचं कुजलेलं शेवाळ आणि गवत. ती वाळवून विस्तवात घालत. आपण गोवऱ्या वाळवतो ना, तसंच! रात्री त्या विस्तवाभोवती शेजारीपाजारी जमत आणि म्हातारी माणसं गोष्टी सांगत. गोष्टी सांगणाऱ्याला तिकडे 'शनाखी' म्हणतात.

आता खरी गंमत सांगते. या गोष्टी कोणी लिहिल्या असतील? शाळेतल्या मुलांनी!

१९३७ साली तिथल्या सरकारच्या लोककथा मंडळाने ठरवलं, की पाचवी-सहावीच्या मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना गोष्टी विचारायच्या व वहीत लिहून आणायच्या. त्यासाठी नेहमीचा निबंध बंद! (हे ऐकून आमच्या वर्गातली मुलं ओरडलीच.) गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं. चांगल्या गोष्टी शाळेच्या मोठ्या वहीत उतरवायच्या. हे काम १९३९ पर्यंत चाललं. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी ते केलं.

त्यांनी काय काय लिहिलं? परीच्या गोष्टी लिहिल्या. पण तिथल्या पऱ्या आपल्या पुस्तकातल्या चित्रासारख्या पंखवाल्या नसतात. त्या माणसांसारख्याच असतात आणि जुन्या गोल मातीच्या गढ्यांमध्ये राहतात, असं लोक मानत. लोक त्यांना घाबरून 'भली माणसं' म्हणत. गढीवर नांगर घालायचा नाही. हॉथॉर्न नावाचं एकटं काटेरी झाड दिसलं तर ते तोडायचं नाही. तोडलं तर घरावर संकट येतं म्हणत. १९९९ साली क्लेअर परगण्यात मोठ्या रस्त्याच्या वाटेत असं एक झाड आलं. एका गोष्टी सांगणाऱ्याने ते वाचवा म्हणून सगळ्यांना सांगितलं. मग झाड ठेवलं आणि रस्ता बाजूने नेला!

'लेप्रेकॉन' हा एक बुटका चांभार. कुंपणाआड ठकठक करत जोडे शिवतो. त्याच्याजवळ सोनं असतं. त्याला धरलं तर सोनं कुठंय ते सांगतो, पण नजर हलली की गडी गायब! म्हणून आजपर्यंत कोणालाच सोनं मिळालेलं नाही.

मुलांनी घरातलंही लिहिलं. घरी लोणी काढायला घुसळण चालू असेल आणि कोणी पाहुणा आला, तर त्यानेही थोडं घुसळायलाच पाहिजे. नाहीतर लोण्याची बरकत जाते. मी हे आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आगं, बरकत कशाची, कामाला माणूस मिळावा म्हणून केलंय ते!"

पण हे सगळं लिहून घ्यायची एवढी घाई का होती? ते ऐकून मला वाईट वाटलं. आपल्यासारखंच तिथंही इंग्रजांचं राज्य होतं. गरीब लोक बटाट्यावरच जगत. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि शेतातच बटाटे सडले. काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. आणखी १० लाख माणसं जहाजात बसून परदेशी गेली. गावंच्या गावं ओस पडली. आयरिश भाषा बोलणारे फार कमी झाले. भाषा गेली की तिच्यातल्या गोष्टीही जातात. १९२२ साली तिथे आपलं राज्य आलं. पण १९३७ साली गोष्टी माहीत असलेली माणसं म्हातारी झाली होती. म्हणून मुलांना सांगितलं, लवकर लिहा.

त्या वह्यांची एकूण सुमारे ७ लाख ४० हजार पानं झाली. ती डब्लिन या राजधानीच्या शहरात विद्यापीठात जपून ठेवली आहेत. आता ती संगणकावरही वाचता येतात. तिथल्या कोणाला त्यात आपल्या आजीचं शाळेतलं अक्षरही सापडू शकतं. लिहिणाऱ्या पुष्कळ मुली आता या जगात नाहीत, पण अक्षर आहे.

माझी पणजी मागच्या वर्षी वारली. तिला जात्यावरच्या ओव्या लई येत होत्या. मी तिच्याजवळ झोपायचे आणि ऐकता ऐकता झोपी जायचे. एकही ओवी आम्ही लिहिली नाही. आईला दोन येतात, त्याही अर्ध्या. आजीला मात्र बऱ्याच गोष्टी येतात. मी शंभर पानी वही केली आहे. पहिल्या पानावर आजीचं नाव लिहिलं आहे. तुम्हीपण करा. उद्या करू म्हणू नका.

सांगा पाहू :
१) आयर्लंडमध्ये जळण म्हणून काय वापरत?
२) लेप्रेकॉनचे सोने कोणाला का मिळत नाही?
३) तुमच्या घरात सर्वात म्हातारे कोण आहे? त्यांना कोणती गोष्ट येते? (विचारून लिहून आणा.)

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी