स्नॉर्केलची नळी आखूड का असते?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील मुले पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरायचे, ही इथली जुनी रीत. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो, तेव्हा समुद्र प्रथमच पाहणारा माझा पुतण्या पाण्याला मुळीच बिचकला नाही.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू केले. किल्ल्याजवळच्या उथळ, खडकाळ समुद्रात प्रवाळ आढळतात. या भागातील सागरी जीवनाच्या रक्षणासाठी १९८७ साली येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. होडीतून तेथे जायचे, अंगात तरंगते जाकीट घालायचे, डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवायचा आणि तोंडात एक वाकडी नळी धरून पालथे तरंगत खालची दुनिया पाहायची. या नळीला स्नॉर्केल म्हणतात. “नाकान नको रे, तोंडान श्वास घे!” असे होडीवाला बजावत होता. पुतण्याला ते दोन मिनिटांत जमले.

विहिरीत डोळे उघडले तर सारे धूसर दिसते, येथे मात्र मासे स्वच्छ दिसत होते. असे का? डोळ्यात शिरणारे किरण मुख्यतः पारपटलावर वळतात. परंतु पारपटलाचा वक्रीभवनांक पाण्याच्या वक्रीभवनांकाच्या जवळपास असतो. म्हणून डोळा पाण्याला टेकला की किरण पुरेसे वळत नाहीत आणि दृष्टिपटलावर स्पष्ट प्रतिमा पडत नाही. मुखवट्यामुळे डोळ्यापुढे हवेचा थर राहतो आणि डोळा नेहमीसारखे काम करतो. फक्त चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा भासतो!

परतीच्या वाटेवर पुतण्याने विचारले, “काका, ही नळी वीतदीड वीतच का? लांब केली तर तळाशी बसून श्वास घेता येईल की!” मी गाडीत पेंगत होतो. “घरी गेल्यावर सांगतो,” म्हणालो आणि विसरलो. ही माझी चूक झाली.

विहिरीतला प्रयोग

पुढे उन्हाळ्यात त्याने स्वतःच उत्तर शोधायचे ठरवले. शेतातल्या पाइपाचा चार फुटी तुकडा घेतला, नाकाला चिमटा लावला आणि पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाण्याखालच्या पायरीवर बसला. पाइपाचे वरचे टोक मित्राने धरले होते. डोके पाण्याखाली, छाती सुमारे एक मीटर खोल. पहिला उच्छ्वास सहज झाला. पण श्वास आत घेता येईना! पाइप मोकळा होता, हवा हाताशी होती, तरी छाती फुगेना. घाबरून तो धडपडला, नाकातोंडात पाणी गेले. मित्राने दंड धरून वर ओढले म्हणून बचावला.

काय घडले? गणित करून पाहू.

पाण्याचा दाब = खोली × घनता × गुरुत्वत्वरण

एक मीटर खोलीवर हा दाब १ × १००० × ९.८ = ९८०० पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे एक दशांश. छातीच्या पुढच्या बाजूचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०६ चौरस मीटर धरा. तिच्यावरील जादा बल ९८०० × ०.०६ = ५८८ न्यूटन, म्हणजे सुमारे ६० किलोग्रॅमचे ओझे! सिमेंटच्या पोत्याहून जड वजन छातीवर ठेवून श्वास घेण्यासारखेच हे झाले.

तुम्ही म्हणाल, “मग सूर मारून तळाचा दगड काढणाऱ्या मुलांची छाती कशी दबत नाही?” प्रश्न योग्य आहे. श्वास कोंडून बुडी मारणाऱ्याच्या फुप्फुसातील हवा बंदिस्त असते. बाहेरचा दाब वाढला की ती आकुंचन पावते आणि तिचाही दाब तितकाच वाढतो. आत-बाहेर समतोल राहतो. परंतु नळी लावली की फुप्फुसे वरच्या वातावरणाला जोडली जातात. नळीतून पृष्ठभागावरची हवा येते, तसा पृष्ठभागावरचा कमी दाबही येतो. बाहेर पाण्याचा जास्त दाब आणि आत वातावरणाचा कमी दाब, या फरकाशी एकट्या श्वसनस्नायूंना झुंजावे लागते. शिवाय अशा वेळी छातीतील रक्तवाहिन्यांत जादा रक्त ओढले जाऊन फुप्फुसांना इजा होऊ शकते.

पालथे तरंगताना छाती वीतभरच खोल असते. तेवढा फरक स्नायूंना पेलतो.

दुसरा धोका: शिळी हवा

पाइप १२० सेंटिमीटर लांब आणि आतून २.५ सेंटिमीटर व्यासाचा होता. त्याचे आकारमान ३.१४ × १.२५ × १.२५ × १२० = सुमारे ५९० घन सेंटिमीटर. आपण शांतपणे घेतो तो श्वास सुमारे ५०० घन सेंटिमीटरचा असतो. म्हणजे सोडलेली हवा पाइपातच राहते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत येते! तिच्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. पाइप अरुंद केला तर हवा ओढणे जड जाते, रुंद केला तर शिळी हवा वाढते. ४० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मात्र जेमतेम १२५ घन सेंटिमीटर हवा मावते.

मग खोल जाणारे पाणबुडे काय करतात? ते पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेचे नळकांडे नेतात. त्यावरील झडप भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा तोंडात सोडते. फ्रान्समधील कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ च्या सुमारास हे साधन यशस्वी करून दाखवले.

करून पाहा (जमिनीवरच!)

गवंडी पातळी तपासायला वापरतात तशी तीन मीटर पारदर्शक नळी घ्या. ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी भिंतीवर टांगून निम्मी रंगीत पाण्याने भरा. शिक्षकांसमोर एका टोकातून, गाल न ओढता, फक्त छातीने हळू हवा आत ओढा. दोन बाजूंच्या पातळ्यांतील फरक मोजा. जोर लावूनही तो साधारण एक मीटरच्या आसपासच अडतो, आणि तोही क्षणभरच टिकतो. तुमच्या स्नायूंची मर्यादा तुम्हाला अशी डोळ्यांनी दिसेल. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र फक्त निरीक्षण करावे.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून मालवणच्या समुद्रात २० सेंटिमीटर खोलीवर छातीवर किती बल पडेल ते काढा. विहिरीतल्या उत्तराशी त्याची तुलना करा.

आणि शिक्षक मित्रांनो, एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला तर तो उद्यावर टाकू नका. आपण उत्तर दिले नाही, तर ते शोधायला तो विहिरीत उतरेल.