मासे गोठवा, द्राक्षं नाही!

नाशिकला समुद्र नाही, मग मासे गोठवण्याचं तंत्र आपण का शिकायचं? माझं उत्तर : आपली द्राक्षं! मासे उणे १ ते उणे ५ अंशांचा टप्पा झटपट ओलांडले पाहिजेत. उशीर झाला तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून उणे ३५-४० अंशांची जोरदार हवा, मग उणे १८ला साठवण. द्राक्षं मात्र गोठता कामा नयेत. तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंग, मग ० ते १ अंश, ९०-९५ टक्के आर्द्रता. दोन्हीकडे सेन्सर तापमान मोजतो आणि कंट्रोलर कॉम्प्रेसर-पंखे सांभाळतो. पण लाइट गेली आणि जनरेटर अडला, तर शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट वाया! म्हणून मला वाटतं, ऑटोमेशनच्या आधी बॅकअप शिकावा.