इसार दिला का, ते आधी विचारा

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलजोडीचा सौदा ठरला म्हणजे दावं सुटलं असं होत नाही. रुमालाखाली बोटं धरून दलालाने आकडा जुळवला, तरी इसार हातात पडेपर्यंत मालक बैलांपुढे वैरण टाकतच असतो. गिऱ्हाईक ‘घरी विचारून येतो’ म्हणून जातं आणि परत फिरकत नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तीच पोरं मोबाइलवर ‘अमुक कंपनीला ग्रीन हायड्रोजनची मोठी ऑर्डर’ एवढी एक ओळ वाचतात आणि सव्वानऊला बाजार उघडला की शेअरला बोली लावतात. माझी नोकरी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात, युटिलिटी विभागात झाली. त्यामुळे ‘तात्या, हे हायड्रोजनचं खरं आहे का?’ असं विचारत लोक माझ्याकडे येतात. हायड्रोजनचं खरंच आहे. ऑर्डरचं मात्र दरवेळी तपासावं लागतं.

अशी ऑर्डर बहुधा इलेक्ट्रोलायझरची असते. इलेक्ट्रोलायझर म्हणजे पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारं यंत्र. यात नवल काही नाही. पंजाबात नांगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेवर असाच हायड्रोजन बनत होता. एका किलोला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. युनिट पाच रुपयांनी धरलं तरी नुसत्या विजेचेच अडीचशे रुपये झाले. यंत्राचा घसारा, शुद्ध पाणी, कंप्रेसर हे सगळं वेगळं. नैसर्गिक वायूपासून बनणारा हायड्रोजन बहुतेक वेळा याहून स्वस्त पडतो. म्हणजे यंत्र कितीही चांगलं असलं, तरी ते विकत घेणाऱ्याचं गणित विजेच्या दरापाशी अडतं, आणि तो दर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या हातात नसतो. या धंद्याचा खरा पेच इथे आहे.

हे मी गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलंय. आमच्याकडे हायड्रोजन सिलिंडरच्या बँकांमधून यायचा. वरच्या साहेबांनी ठरवलं की छोटा इलेक्ट्रोलायझर बसवू. पुरवठादाराची माणसं आली. आम्ही त्यांना पाण्यातले क्षार काढणारा डीएम प्लँट दाखवला, ट्रान्सफॉर्मरवर किती लोड शिल्लक आहे ते काढून दिलं, कंप्रेसरची जागा चुन्याने आखली. इरादापत्र गेलं आणि पुरवठादाराने त्याची बातमी केली: ‘नामांकित रसायन उद्योगाकडून ऑर्डर’. इकडे काँक्रीटचा ओटाही झाला. मग ओपन ॲक्सेसने, म्हणजे बाहेरच्या प्रकल्पातून थेट, सौर वीज आणली तर व्हीलिंग (तारांचं भाडं) आणि क्रॉस सबसिडीचा अधिभार धरून युनिट कितीला पडतं, त्याचा कागद आला आणि हेड ऑफिसने फाइल बाजूला सारली. करार कुणी मोडला नाही, कारण करार झालाच नव्हता. ओट्यावर पुढे कॉस्टिकचे रिकामे ड्रम राहायला लागले. ऑर्डर आल्याची बातमी झाली होती. ती विरल्याची बातमी मी कुठे वाचली नाही.

म्हणून पहिली गोष्ट: बातमीतला कागद कोणता, ते बघा. सामंजस्य करार म्हणजे नुसती बोलणी. इरादापत्र म्हणजे मनात आहे, पण बांधील नाही. काम मिळाल्याचं पत्र, ज्याला एलओए म्हणतात, ते त्यापुढचं. पक्की खरेदी ऑर्डर आणि तिच्यासोबत आलेला ॲडव्हान्स, तो आपला इसार. २९ जानेवारी २०२४ ला राज्य सरकारने हरित हायड्रोजनसाठी सात कंपन्यांशी सुमारे २.७६ लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो बोलण्यांचा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२४ च्या अहवालात जगभराचा हिशेब मांडला, तेव्हा २०३० पर्यंतच्या जाहीर झालेल्या कमी-उत्सर्जन हायड्रोजन उत्पादनापैकी जेमतेम ७ टक्क्यांना गुंतवणुकीची अंतिम मंजुरी मिळालेली होती.

दुसरा गोंधळ अनुदानाचा. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. त्यातून इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांना प्रोत्साहन देण्यासाठी सेकीने, म्हणजे केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाने, बोली मागवल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये आठ कंपन्यांना मिळून १,५०० मेगावॉट वाटून दिले. आमच्याकडच्या कितीतरी जणांनी ही यादी ‘ऑर्डर मिळाल्या’ अशी वाचली. तिथे कुणी काही विकत घेतलेलं नव्हतं. यंत्र बनवून विकलं तर पहिल्या वर्षी किलोवॉटला जास्तीत जास्त ४,४४० रुपये, मग दरवर्षी कमी होत पाचव्या वर्षी १,४८०, असा तो हक्क होता. गिऱ्हाईक कंपनीने स्वतःच शोधायचं.

आता कुणी म्हणेल, तात्या, पक्की ऑर्डर असेल तर? तरी शेअर चढेलच असं नाही. जर्मनीच्या थिसेनक्रुप न्यूसेराकडे सौदीतल्या निओम प्रकल्पाची दोन गिगावॉटच्या वरची ऑर्डर होती, एवढी मोठी की कुणालाही मोह पडावा. जुलै २०२३ मध्ये शेअर २० युरोला बाजारात आला आणि वर्षभरानंतर, २०२४ मध्येच, १० युरोच्या खाली होता. नॉर्वेची नेल २०२१ च्या जानेवारीत ३० क्रोनरच्या वर होती. २०२५ मध्ये दोन-तीन क्रोनरवर आली, आणि पुरेशा ऑर्डर नाहीत म्हणून त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिने हेरोयाच्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. फ्रान्सची मॅकफी तर आपल्याकडेही जोडलेली. तिच्या तंत्रज्ञानाच्या साथीने एल अँड टीने मार्च २०२४ मध्ये हजिऱ्यात आपला पहिला देशी बनावटीचा इलेक्ट्रोलायझर सुरू केला. पुढच्याच वर्षी मॅकफी दिवाळखोरीत गेली आणि जॉन कॉकरिलने तिचा बराचसा कारभार घेतला. एल अँड टीच्या शेअरला त्याची झळ बसली नाही, कारण एवढ्या मोठ्या कंपनीत हायड्रोजनचा वाटा किरकोळ. हे उलटंही लागू आहे. पुण्याच्या थरमॅक्सने २०२४ मध्ये ब्रिटनच्या सेरेसकडून इलेक्ट्रोलायझरचं तंत्रज्ञान घेतलं, पण तुम्ही थरमॅक्स घेता तेव्हा मुख्यतः बॉयलरचा आणि पाणी-हवा शुद्धीकरणाचा धंदा घेत असता.

अमेरिकेच्या प्लग पॉवरची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. या कंपनीने ॲमेझॉन आणि वॉलमार्टसारख्या बड्या गिऱ्हाइकांना माल घेण्याच्या बदल्यात स्वतःचे शेअर घेण्याचे हक्क दिले होते. शेअर वधारला तसे ते हक्क महाग पडले आणि त्यांचा खर्च विक्रीतून वजा करावा लागला. २०२० च्या शेवटच्या तिमाहीत तिची विक्री चक्क उणे निघाली, साधारण ३१.६ कोटी डॉलरने उणे. विक्री उणे! आमच्या अकाउंट्सच्या माणसाला सांगितलं तर त्याने आधी मलाच वेड्यात काढलं. आणि शेअर? त्याच सुमारास, जानेवारी २०२१ मध्ये, ७० डॉलरच्या वर. २०२५ मध्ये तो एक डॉलरच्या खाली उतरला. गिऱ्हाईक मोठं आहे म्हणून खूश होण्याआधी त्याला काय देऊन आणलंय, तेही पाहावं.

माझ्या पुतण्याने उसाचं बिल जमा झालं तसं ते अशाच एका छोट्या कंपनीत टाकलं. एसएमई प्लॅटफॉर्मवरची कंपनी, बातमीनंतर लागोपाठ अप्पर सर्किट. तिथे लॉटनेच घ्यावं-विकावं लागतं, हे त्याला घेताना जाणवलं नाही. विकताना जाणवलं, कारण लोअर सर्किट लागलं की विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कुणीच नाही. त्यातच सोसायटीच्या पीककर्जाची मुदत उलटली. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं. ती सवलतही गेली. शेअरचा तोटा कागदावर म्हणता येतो, व्याज मात्र रोख भरावं लागलं. सोसायटीचे पैसे फिटल्याशिवाय डीमॅट खात्याकडे बघायचंही नाही, हे मी आता घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

बातमी आली की शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीने दिलेला मूळ खुलासा उघडा. दोन पानांचा असतो, दहा मिनिटं लागतात. ऑर्डर देणारा कोण, काम काय, किती मुदतीत, अंदाजे रक्कम किती, आणि देणाऱ्या कंपनीत प्रवर्तकांचा काही हितसंबंध आहे का, हे सेबीच्या नियमाप्रमाणे त्यात सांगावं लागतं. ‘गोपनीयतेमुळे ग्राहकाचं नाव देता येत नाही’ असं असेल तर मी तिथेच थांबतो. प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीने ऑर्डर दिली असेल तर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात चाललाय. मुदत तीन वर्षांची असेल तर रकमेला तीनने भागा आणि कंपनीच्या वर्षाच्या विक्रीशेजारी ठेवा. मग ज्याच्याकडे यंत्र बसणार त्याने वीज कुठून आणायची ठरवलीय, ते शोधा. स्टील, खत किंवा रिफायनरीवाल्याचा हायड्रोजन स्वतःच्याच वापराला असेल तर भरवसा थोडा जास्त. निर्यातीच्या आशेवर असेल तर कमी.

मोबाइलवर कुणी ‘सर’ टिप देत असेल तर सेबीच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी शोधा. शेवगावात शेअर बाजारातून महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणणाऱ्यांच्या मागे लोकांनी जमिनी गहाण टाकल्या, ते फार जुनं नाही.

पुतण्याकडे ते लॉट अजून आहेत. मार्चअखेरचा ताळेबंद लागला की नफ्याचा आकडा सोडून आधी ‘येणे बाकी’ बघ, असं त्याला सांगितलंय. विक्री वाढली आणि येणे त्याहून वेगाने वाढलं असेल, तर घेणारा मिळेल त्या दिवशी मिळेल त्या भावाने मोकळं व्हायचं, असं आमचं ठरलंय.