चांदी जपता, पाण्याचं काय?

सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून ते सगळेच जपून तोलतात. पाणी मात्र हाताशी असेल ते घेतात. व्हॅनडाइक ब्राउन पद्धतीने घरी छायाचित्रं छापायला बसलेल्यांना मी म्हणूनच आधी पाण्याबद्दल विचारते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकतात ते 'डिस्टिल्ड वॉटर' एकदा आणलं होतं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे खडे पडले आणि पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं झालं. कॅनवर काहीही छापलेलं असो, आत क्लोराइड होतं. त्याने चांदी धरली, सिल्व्हर क्लोराइडचा साका तळाशी बसला आणि वरच्या द्रावणात जोर उरला नाही. तेव्हापासून नवा कॅन आला की वाटीभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून बघते. वाटी गढूळली, तर तो कॅन फरशी पुसायला.

चांदी धरण्याची क्लोराइडची हीच खोड टाकाऊ द्रावणाच्या बाबतीत उपयोगी पडते. ते मोरीत ओतू नका, त्यात मीठ घाला. रात्रभरात चांदी खाली बसते, साका गाळून वेगळा ठेवता येतो.

द्रावणं तीन. दर वेळी ३३ मिलिलिटर पाणी; एकात ९ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्यात १.५ ग्रॅम टार्टारिक ॲसिड, तिसऱ्यात ३.८ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. पहिली दोन एकत्र करायची, मग त्यात चांदीचं द्रावण ढवळत ढवळत, थोडं थोडं. कंटाळा येतो, पण भसकन ओतू नका. तयार मिश्रण तपकिरी बाटलीत ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा. पत्र्याची पट्टी असलेला ब्रश नको. धातूला चांदी लागली की कागदावर काळे ठिपके पडतात.

बोटांवरचे काळे डाग उजेडात उमटतात आणि काही दिवसांनी जातात. लग्नाला जायचं नसेल तर त्यांचं एवढं मनावर घेऊ नये. डोळ्याचं तसं नाही. एका शिंतोड्यानेही दृष्टी जाऊ शकते, तेव्हा खडे तोलतानासुद्धा गॉगल हवाच.

सायनोटाइप करणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. त्यात पोटॅशियम फेरिसायनाइड असतं, आणि आपल्याकडे ट्रे धुतले जातात बाथरूममध्ये, जिथे फरशी धुण्याचं ॲसिड कोपऱ्यात ठेवलेलंच असतं. निळे डाग निघत नाहीत म्हणून ते ॲसिड ट्रेवर ओतायचा मोह होतो. तीव्र ॲसिडने फेरिसायनाइडमधून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. छपाईचं सामान बाथरूममध्ये नेण्याआधी ती बाटली तिथून हलवा.