हंगामाचे शेवटचे दिवस

(मासेमारीचा हंगाम कधी संपतो आणि तो कोण संपवतो? भांडुपची खाडी, अरबी समुद्र आणि उत्तर अमेरिकेतील सरोवरे येथील मासेमारीची माहिती देत लेखकाने प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.)

'हंगाम' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो फारसीतून मराठीत आला. उर्दूत 'हंगाम' म्हणजे वेळ, काळ. त्याच कुळातला 'हंगामा' म्हणजे गोंधळ. मराठीत मात्र हंगाम शांत आहे. आंब्याचा हंगाम, उसाचा हंगाम, तसा मासेमारीचा हंगाम. कोळ्यांच्या बोलण्यात असे दुरून आलेले शब्द बरेच सापडतात. होडीच्या मालकाला ते 'नाखवा' म्हणतात. तो तुमचा 'नाखुदा'. दर्या, बंदर, खलाशी हे शब्द तर तुम्हांला सांगायलाच नकोत.

भांडुप म्हटले की लोकांना लोकलची गर्दी आणि डोंगरउतारावरची दाट वस्ती आठवते. (मुंबईहून आगगाडी न्यावी, ही कल्पना जॉर्ज क्लार्क या इंग्रज इंजिनिअरला १८४३ साली भांडुपला आला असतानाच सुचली, असे सांगतात.) पण स्टेशनच्या पूर्वेला जा. भांडुप गाव लागते. पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे दिसतात. मिठागरांच्या पलीकडे तिवरांची हिरवी भिंत आणि त्या भिंतीमागे ठाण्याची खाडी. समोरच्या काठावर ऐरोली. हिवाळ्यात या खाडीवर हजारो रोहित पक्षी उतरतात. पश्चिमेकडच्या काठाला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

पक्षी पाहायला माणसे दुरून येतात. याच चिखलावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या कोळ्यांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही.

खाडीचे पाणी गढूळ असते. ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या उड्या मारताना दिसतात. कोळी येथे पाग फेकतात, खुंटांना जाळी बांधतात, हाताने चिंबोऱ्या पकडतात. बोय, शिंगाळा, कोलंबी, नशीब असेल तर एखादा जिताडा मिळतो. १९६० नंतर पलीकडच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. दोन्ही काठांवर वस्ती वाढली. सांडपाणी खाडीत आले आणि मासळी कमी झाली. म्हातारे कोळी जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतात, त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण पुष्कळसे खरे आहे.

जाळ्याशिवाय मासे पकडण्याचे दुसरे साधन म्हणजे गळ. गळ टाकून काठावर बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. पण गळाचा आणखी एक प्रकार आहे. होडी हळू चालवायची आणि तिच्या मागे लांब दोरीला बांधलेला गळ ओढत न्यायचा. गळाला चकचकीत पत्रा किंवा लहान मासा लावतात. पाण्यातून पळणारी ती चमक पाहून शिकारी मासा मागे धावतो आणि गळ गिळतो. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. 'ट्रॉलिंग' हा शब्द ऐकायला तसाच, पण काम अगदी निराळे. ट्रॉलिंगमध्ये यांत्रिक बोट मोठे जाळे ओढत नेते आणि त्यात लहानमोठे सगळेच सापडते. ट्रोलिंगमध्ये एका गळाला एकच मासा. तो लहान निघाला तर पाण्यात परत सोडता येतो.

कोकणच्या समुद्रात सुरमईसाठी अशी गळ ओढतात. सुरमई डोळ्यांनी शिकार करते आणि खुल्या समुद्राचे पाणी बरेच नितळ असते. भांडुपच्या खाडीत हा प्रयोग करून उपयोग नाही. वीतभर अंतरावरचे जिथे दिसत नाही, तिथे चमकणाऱ्या पत्र्यामागे कोण धावणार?

गढूळ पाण्यासाठी निसर्गाने दुसरी सोय केली आहे. ती पाहायची असेल तर रावस पाहा. त्याच्या छातीच्या परांखाली दोन्ही बाजूंना चार-चार लांब धागे असतात. त्यांनी तो चाचपडत कोलंबी शोधतो. त्याच्या शास्त्रीय नावातील 'टेट्राडॅक्टिलम' या शब्दाचा अर्थच 'चार बोटांचा' असा आहे. त्याची पिल्ले खाड्यांच्या तोंडाशी, उथळ पाण्यात वाढतात. इंग्रजांनी त्याला 'इंडियन सामन' हे नाव दिले आणि हॉटेलांत अजूनही ते चालते. खरे तर रावस आणि सामन यांचे काही नाते नाही. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत जातो. त्या वासावरून तो आपली नदी ओळखतो. पॅसिफिक महासागरातले बहुतेक सामन अंडी घालून झाल्यावर मरून जातात.

रावसाचे आयुष्य याहून वेगळे आहे आणि तेही कमी नवलाचे नाही. लहान वयात रावस नर असतो. पुढे वाढल्यावर त्याचीच मादी होते. म्हणजे बाजारात विकली जाणारी वीतभर रावसाची पिल्ले कधी आई झालेलीच नसतात आणि मोठा, भरदार रावस दिसला तर ती बहुधा मादीच असते. फक्त मोठे मासे पकडा, असे म्हणून येथे भागत नाही. फक्त लहान पकडा, असेही म्हणता येत नाही.

खरा सामन आज जिथे सापडतो, अशा एका ठिकाणचा हंगाम कसा संपतो ते पाहू. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर समुद्रासारखी पाच विशाल सरोवरे आहेत. त्यांत लेक ट्राउट नावाचा थंड पाण्याचा मासा राहतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, तेव्हा तो खोल, गार थरात जाऊन बसतो. त्याच्यापर्यंत गळ पोहोचवायला दोरीला जड वजन बांधावे लागते. सप्टेंबर उजाडला की वरचे पाणी निवू लागते. मासा वर येतो आणि पुढे खडकाळ, उथळ जागी अंडी घालायला जमतो. याच सुमारास सामन नद्यांच्या तोंडाशी गोळा होतात. गळ ओढणाऱ्यांना हे दिवस फार आवडतात. सगळा उन्हाळा खोल पाण्यात शोधलेला मासा आता हाताशी आलेला असतो. आणि नेमके तेव्हाच अनेक ठिकाणी लेक ट्राउट पकडायला बंदी सुरू होते.

ही बंदी उगाच आलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला या सरोवरांतला लेक ट्राउट जवळजवळ संपला होता. एक कारण बेसुमार मासेमारी. दुसरे कारण सी लॅम्प्रे हा रक्त शोषणारा जीव. जहाजांसाठी खोदलेल्या कालव्यातून तो आत शिरला होता. मिशिगन सरोवरात १९६६ साली पॅसिफिकचे सामन आणून सोडावे लागले. म्हणजे आज तिथे हौशी लोक ज्या सामनसाठी गळ ओढतात, तो तिथला पाहुणा आहे.

आता पुन्हा मुंबईला येऊ. मे महिन्याच्या अखेरीस मासळी बाजारात गेलात तर असे बोलणे हमखास कानी पडते :

"मावशी, यात गाबोळी आहे का?"

"भरलेली हाय, भाभी. पोट बघा ना!"

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. तळलेली गाबोळी अनेकांच्या आवडीची. मीही ती आवडीने खाल्ली आहे. पण एका गाबोळीत किती अंडी असतात, ते मोजायला बसलात तर सबंध दिवस पुरणार नाही. आपल्या किनाऱ्यावरचे पुष्कळ मासे पावसाळ्याच्या आगेमागे अंडी घालतात. म्हणून हंगामाच्या शेवटी मासा महाग असतो, चविष्ट असतो आणि त्याच्या पोटात पुढचा हंगाम असतो.

पूर्वीपासून कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आले आहेत. खवळलेल्या दर्यात जाणार कोण? ते दिवस जाळी विणण्याचे आणि सुकी मासळी खाण्याचे. श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की होड्या पुन्हा पाण्यात उतरत. पुढे बोटींना यंत्रे आली. वाऱ्याची भीती कमी झाली आणि जे काम वादळ करत होते, ते सरकारला करावे लागले. १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा कायदा झाला. सध्या १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी करता येत नाही. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. म्हणून बंदी तोपर्यंत वाढवावी, अशी मागणी काही मच्छीमारच करत आले आहेत. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे, त्यांनी ती आणखी काही दिवस बंद ठेवा म्हणावे, हे मला विशेष वाटते. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबीही ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही.

बिनयंत्राच्या होड्यांना मात्र पावसाळी बंदी लागू नाही. वल्ह्यांनी चालणारी होडी कितीसा मासा पकडणार, आणि ती बंद केली तर तो गरीब माणूस दोन महिने खाणार काय? हे म्हणणे बरोबर आहे. पण माशांची पिल्ले वाढतात ती खाडीतच, तिवरांच्या मुळांशी. तेव्हा जूनच्या पहिल्या पावसात मोठ्या बंदरांवर बोटी बांधलेल्या असतात, त्या वेळी भांडुपच्या खाडीत एखादी लहान होडी भरतीबरोबर आत येताना दिसू शकते. जाळ्याचे आस मोठे ठेवायचे की बारीक, हे होडीतला माणूसच ठरवतो. आस मोठे ठेवले तर पिल्ले निसटतात आणि त्या दिवशीची पाटी अर्धी राहते.

शब्दार्थ

हंगाम – मोसम, मौसम. तिवर – खाऱ्या चिखलात वाढणारे झाड. निवटी – चिखलावर उड्या मारणारा लहान मासा. पाग – फेकून टाकायचे गोल जाळे. गळ – मासे पकडण्याचा आकडा. चाचपडणे – हाताने स्पर्श करून शोधणे. गाबोळी – माशाची अंडी. आस – जाळ्याची भोके. पाटी – टोपली.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भांडुपच्या खाडीत ट्रोलिंगचा उपयोग का होत नाही?
(आ) रावसाच्या शास्त्रीय नावातील 'टेट्राडॅक्टिलम' शब्दाचा अर्थ काय?

२. ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.

३. 'त्याच्या पोटात पुढचा हंगाम असतो' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा. मराठीत आणि उर्दूत त्यांचा अर्थ सारखाच आहे का, ते पाहा.

५. तुमच्या घराजवळच्या मासळी बाजारात जाऊन पाच माशांची मराठी नावे विचारून लिहून आणा.