सॉफ्टवेअर नवे, हिशेब जुने

उधारीची यादी, शिल्लक माल आणि कारागिरांची मजुरी हे सारे आता संगणकातून निघते. बेलवलीचा दुकानदार उल्हासनगरहून माल आणतो आणि बदलापूर-अंबरनाथला उधारीवर देतो. त्याचे येणे त्या यादीवरच उभे असते. एक दिवस सॉफ्टवेअरवाला सांगतो, ‘नवी आवृत्ती टाकून घ्या.’ ती टाकण्यापूर्वी काय पाहावे, हा आजचा धडा.

प्रश्न दोन आहेत. जुनी फाईल नव्या आवृत्तीत उघडते का? आणि नव्यात गेलेली फाईल पुन्हा जुन्यात उघडते का? दुसऱ्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते. टॅली ७.२ चा डेटा ईआरपी ९ मध्ये नेताना रूपांतर करावे लागे. २०२३ मध्ये आलेल्या टॅलीप्राइम ३.० साठीही ते करावे लागले. रूपांतरित डेटा मागच्या आवृत्तीत उघडत नाही. शिवाय बिलाचा जो खास नमुना आपण लिहून घेतलेला असतो, तो वेगळा प्रोग्राम असतो. सॉफ्टवेअरची आतली रचना बदलली की तो चालेलच असे नाही.

रिपोर्ट उघडलाच नाही तर निदान कळते. अर्धवट उघडला तर कळत नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने कोरोनाची आकडेवारी एक्सेलच्या जुन्या नमुन्याच्या फाईलमध्ये भरली. त्या नमुन्यात ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ च्या नव्या नमुन्यात १०,४८,५७६ मावतात. जादा ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले.

आपल्याकडे तीन ठिकाणी नजर ठेवावी.

पहिले, तारीख. ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? पहिली तारीख नव्या आर्थिक वर्षात पडते, दुसरी जुन्या.

दुसरे, दशांश. १२.३७५ मीटर कापड ८० रुपये दराने ९९० रुपये होते. रिपोर्टने १२.३८ धरले तर ९९० रुपये ४० पैसे. अशा पाचशे ओळी झाल्या की दोनशे रुपयांचा फरक, आणि गिऱ्हाइकाशी वाद.

तिसरे, मराठी अक्षरे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे युनिकोडच्या रिपोर्टमध्ये अगम्य चिन्हे होऊन छापली जातात.

उपाय सोपा आहे. आधी डेटाची पूर्ण प्रत काढावी. ती दुकानातच नव्हे, दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. मग उधारी यादी, शिल्लक माल आणि ताळेबंद जुन्या आवृत्तीतून कागदावर छापावेत. नवी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर, डेटाच्या प्रतीवर चालवावी. तेच रिपोर्ट, त्याच तारखेपर्यंतचे काढून बेरजा आणि ओळींची संख्या दोन्ही जुळवावीत. महिनाभर जुळले तरच जुने बंद करावे. मार्चअखेरीस किंवा सणाच्या गर्दीत हे काम काढू नये.

जुने सॉफ्टवेअर लगेच पुसूही नये. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. अधिकाऱ्याने मागितल्यावर फाईल आहे, पण उघडत नाही, हे उत्तर चालत नाही.